नाळेत सापडलेला पारा
(द्वितीय वर्ष, कला)

पर्यावरण अभ्यास हा विषय आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे, आणि सक्तीच्या विषयाकडे विद्यार्थी ज्या नजरेने पाहतात त्याच नजरेने आम्ही त्याच्याकडे पाहतो. पाठ्यपुस्तकातील प्रदूषणाच्या प्रकरणात एक तक्ता आहे. एका रकान्यात प्रदूषक, दुसऱ्यात रोग, तिसऱ्यात ठिकाण. पाऱ्यासमोर 'मिनामाता रोग' आणि त्याच्यासमोर 'जपान' असे लिहिलेले आहे. 'जोड्या लावा' या प्रश्नात ही जोडी बरोबर लावली की एक गुण मिळतो. मी कोळ्याच्या घरातील मुलगी. मासळी खाऊन होणाऱ्या या रोगाच्या नावापाशी मी इतरांपेक्षा थोडी अधिक थांबले आणि ग्रंथालयातून मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता असे ध्यानात आले, की ही जोडी लावायला डॉक्टरांना सुमारे तीन वर्षे लागली, आणि ती लागली आहे हे मान्य करायला जपानच्या सरकारला त्यापुढे आणखी नऊ वर्षे. प्रस्तुत लेखात या बारा वर्षांची हकीगत, आणि तिच्यात जीववैद्यकशास्त्राने काय काम केले ते, माझ्या कुवतीप्रमाणे सांगण्याचा विचार आहे.

जीववैद्यकशास्त्र हे नाव भारदस्त आहे. शरीरात रोग कसा घडतो हे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यक यांच्या साहाय्याने शोधणाऱ्या अनेक शाखांची ती एक मोळी आहे. विकृतिशास्त्र रोगट पेशी तपासते. विषशास्त्र कोणता पदार्थ किती मात्रेत घातक ते पाहते. साथरोगशास्त्र शंभर माणसांत रोग कोणाला झाला, कोणाला झाला नाही आणि त्या दोघांच्या राहणीत फरक काय, याची मोजदाद करते. हवा, पाणी आणि अन्न यांतून आपल्या आरोग्याला कोणता धोका आहे हे सांगायचे तर यांतील एकटी कोणतीच शाखा पुरी पडत नाही. मिनामाताच्या हकीगतीत या साऱ्या शाखा एकामागून एक येतात, त्यामुळे विज्ञान शाखेत नसलेल्यालाही ती समजू शकते. (मला समजली, यावरून म्हणते.)

मिनामाता हे जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात समुद्रकाठी वसलेले शहर. समोरचा शिरानुई समुद्र बेटांनी वेढलेला, म्हणजे आपल्याकडच्या खाडीसारखा शांत. १९०८ साली तेथे एक रासायनिक कारखाना सुरू झाला. चालविणारी कंपनी पुढे चिस्सो या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. ते करताना उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरीत. या प्रक्रियेत पाऱ्याचा काही अंश बदलून मिथाइल पारा नावाचे सेंद्रिय संयुग बनत असे, आणि ते सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरातून उपसागरात जात असे. शहरातील पुष्कळांचा रोजगार आणि नगरपालिकेचे बरेचसे उत्पन्न याच कारखान्यावर अवलंबून होते. पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. आजारी पडली ती किनाऱ्यावरची कोळी माणसे. कारखान्यावर घर चालणारे त्यांचे शेजारी होते.

माणसांच्या आधी आजारी पडली मांजरे. १९५० नंतरच्या काही वर्षांत कोळीवस्त्यांतील मांजरे झोकांड्या खाऊ लागली, गोल गोल फिरू लागली, लाळ गाळीत भिंतीवर आपटू लागली. कित्येक समुद्रात पडून मेली. लोक त्याला मांजरांचा नाचरा रोग म्हणत. १९५४ साली एका वस्तीतील मांजरे संपल्यामुळे उंदरांचा सुळसुळाट झाल्याची बातमी तेथील वृत्तपत्रात आली होती. बातमीचा रोख उंदरांच्या त्रासाकडे होता. ज्यांच्या अंगणात मासळी वाळत घातलेली असते त्यांना मांजर काय खाते हे सांगायला नको. लहानशा देहात रोज मासळीच मासळी. आज मागे वळून पाहिले तर विषशास्त्राचा पहिला प्रयोग तेथील मांजरांनी आपणहून करून ठेवला होता असेच म्हणावे लागते, पण त्याची नोंद कोणी घेतली नाही.

१९५६ च्या एप्रिल महिन्यात पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच रुग्णालयात आणले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना, मधूनमधून झटके येत. दोन दिवसांनी तिची धाकटी बहीणही तशीच आजारी पडली. आसपासच्या घरांतही असेच रोगी असल्याचे आईकडून समजले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला कळविले, की मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची साथ आली आहे. मिनामाता रोगाचा अधिकृत जन्मदिवस हाच मानतात.

साथ म्हटल्यावर संसर्गाची भीती आलीच. रोग्यांना संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात हलविण्यात आले, त्यांची घरे औषध फवारून निर्जंतुक करण्यात आली. शेजाऱ्यांनी येणेजाणे तोडले. रोगापेक्षा हे दुःख अधिक असे पुढे कित्येक कुटुंबांनी सांगितले आहे. ऑगस्टमध्ये कुमामोतो विद्यापीठातील डॉक्टरांचा एक अभ्यासगट नेमण्यात आला. ऑक्टोबरपर्यंत ४० रोगी मोजले गेले होते आणि त्यांतील १४ दगावले होते.

अभ्यासगटाने घरोघर जाऊन विचारपूस केली. येथे साथरोगशास्त्राचा उपयोग झाला. रोग एकाकडून दुसऱ्याकडे लागत गेल्याच्या खुणा दिसेनात. रोगी विखुरलेले होते ते समुद्राकाठच्या कोळीवस्त्यांत. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन रोगी, आणि त्याच घरांतील मांजरे मेलेली. या घरांत समान काय, तर उपसागरातील मासे आणि शिंपल्या यांवर पोट. १९५६ च्या नोव्हेंबरातच गटाने निष्कर्ष काढला, की हा संसर्ग नसून बहुधा जड धातूची विषबाधा आहे आणि ती मासळीतून होते. १९५७ च्या वसंत ऋतूत आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी बाहेरगावची निरोगी मांजरे आणून त्यांना उपसागरातील मासळी खाऊ घातली. ती मांजरेही नाचू लागली.

म्हणजे कोणता धातू हे कळण्याआधीच मासळी खाणे थांबवावे इतका पुरावा हाती आला होता. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी अन्नविषयक कायद्याखाली मासळीवर बंदी घालता येईल का, अशी विचारणा केंद्राच्या आरोग्य खात्याकडे केली. सप्टेंबर १९५७ मध्ये उत्तर आले. उपसागरातील सगळीच मासळी विषारी झाली आहे असा स्पष्ट पुरावा नाही, सबब हा कायदा लागू करता येत नाही, असा त्याचा आशय होता. हे उत्तर मी दोनदा वाचले. सगळी मासळी तपासायची म्हणजे सगळी मासळी पकडायची! मासेमारी आपणहून थांबवा असे कोळ्यांना सांगण्यात आले, पण ज्याच्या घरी दुसरे खायला नाही तो किती दिवस थांबणार? पकड विकली जाईना, तेव्हा न विकलेली मासळी घरातच खाल्ली जाऊ लागली.

आता कोणता धातू हा प्रश्न. मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम अशी नावे पुढे आली. सांडपाण्यात इतके विविध पदार्थ होते, की ज्याचा शोध घ्यावा तो सापडे. १९५८ साली डग्लस मॅक्अल्पाइन हे ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ मिनामाताला आले. रोगी तपासल्यावर त्यांना इंग्लंडमधील एक जुनी हकीगत आठवली. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पाऱ्याची भुकटी बनविणाऱ्या तेथील एका कारखान्यात काही कामगार आजारी पडले होते. डोनाल्ड हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर १९४० मध्ये निबंध लिहिला होता. त्यांतील एका कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा अभ्यास १९५४ मध्ये हंटर आणि डोरोथी रसेल यांनी प्रसिद्ध केला. तोल जाणे, जीभ जड होणे आणि दृष्टीचे क्षेत्र आकसून नळीतून पाहिल्यासारखे दिसणे ही लक्षणे तिन्ही एकत्र.

कुमामोतोचे विकृतिशास्त्रज्ञ मिनामाताच्या मृत रोग्यांचे मेंदू तपासतच होते. त्यांना दिसले ते जवळजवळ तेच. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचे जे केंद्र असते तेथील पेशी झडलेल्या, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील बारीक पेशींचा थर विरळ झालेला. डोळा शाबूत, पण पाहणारा मेंदू गेलेला. पाय धड, पण पायांना हुकूम देणारा गेलेला. इंग्लंडमधील एका कामगाराच्या शवविच्छेदनाने जपानमधील कोळ्यांच्या रोगाचे नाव सांगितले. शास्त्रातील लेख कोणत्या तरी कपाटात पडून राहतात अशी आपली समजूत असते. हा लेख मात्र चार वर्षांनी आणि अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर कामाला आला.

मग पाऱ्याची मोजणी सुरू झाली. बंदरात सांडपाण्याच्या तोंडाशी एका टन गाळात सुमारे दोन किलो पारा सापडला. रोग्यांचे केस तपासले. मिनामाताच्या बाहेरील माणसांच्या केसांत दहा लाख भागांमागे पाऱ्याचे सरासरी चारच्या आसपास भाग असत. रोग्यांत हा आकडा ७०५ पर्यंत गेला होता. केस हा मोठा उपयोगी साक्षीदार आहे. तो महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातील पारा आपल्यात बांधून घेतो. त्यामुळे लांब केसाचे तुकडे करून तपासले तर कोणत्या महिन्यात शरीरात किती पारा होता हे सांगता येते. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पारा चोळलेले बियाण्याचे गहू लोकांनी दळून खाल्ले आणि रुग्णालयांत दाखल झालेल्यांपैकी ४५९ माणसे मेली. किती पारा पोटात गेल्यावर किती इजा होते याचा हिशेब तेव्हा अशाच केसांवरून मांडता आला.

जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केले. १२ नोव्हेंबरला आरोग्य खात्याच्या सल्लागार मंडळानेही तोच निष्कर्ष दिला, मात्र पारा कोठून आला याविषयी अवाक्षर काढले नाही. लगेच मंडळाचा तो विशेष गट बरखास्त करण्यात आला. इकडे दुसऱ्या बाजूने नवनवे सिद्धान्त बाहेर पडत होते. महायुद्धानंतर समुद्रात बुडविलेला दारूगोळा हे कारण असावे, असे रासायनिक उद्योगाच्या संघटनेकडून सुचविण्यात आले. एका प्राध्यापकांनी कुजलेल्या मासळीतील अमाईन नावाच्या द्रव्यांना दोष दिला. शिळी मासळी खाऊन कोळी आजारी पडतात, असा त्याचा सरळ अर्थ. कोळी माणूस शिळे कोणते आणि ताजे कोणते हे ओळखत नाही असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे? हे सिद्धान्त टिकले नाहीत. पण शास्त्रज्ञांतच एकमत नाही असे म्हणायला ते काही वर्षे पुरले.

याच काळात कारखान्याच्या आत एक शोध लागला होता. होसोकावा यांनी मांजरांवर स्वतःचे प्रयोग चालविले होते. ४०० क्रमांकाच्या मांजराच्या अन्नात ते ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी रोज मिसळत. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते मांजर नाचू लागले. होसोकावांनी ही गोष्ट व्यवस्थापनाला सांगितली. पुढील प्रयोग थांबविण्यात आले आणि निकाल बाहेर पडला नाही. १९७० साली खटल्यात साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा होसोकावा रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी तेथूनच साक्ष दिली, आणि त्याच वर्षी ते वारले. या माणसाविषयी काय मत बनवावे हे मला अजून ठरविता आलेले नाही. पहिली वर्दी त्यांनी दिली आणि अखेरची साक्षही दिली, मध्ये मात्र दहा वर्षांची चुप्पी आहे. आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला कर्तव्य आणि निष्ठा यांवर चर्चा होते, तेव्हा हे उदाहरण घ्यायला हरकत नसावी.

३० डिसेंबर १९५९ रोजी कंपनीने रोग्यांशी करार केला. नुकसानभरपाई हा शब्द टाळून 'सहानुभूतीची रक्कम' असे त्याला म्हटले होते. मृत्यूबद्दल ३ लाख येन. उद्या कारखान्याचे सांडपाणी हेच कारण ठरले तरी पुन्हा मागणी करणार नाही, असे कलम त्यात होते. निकाल कोणता लागणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असल्याखेरीज असे कलम सुचत नाही. १९७३ च्या निकालात न्यायालयाने हा करार रद्दबातल ठरविला. त्याच डिसेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्रही गाजावाजा करून बसविले, पण त्यात सेंद्रिय पारा काढून टाकण्याची सोय नव्हती. १९५८ मध्ये सांडपाण्याचे तोंड बंदराकडून नदीच्या मुखाकडे वळविले होते, तेव्हा तिकडेही नवे रोगी निघाले होते. १९६० मध्ये कारखान्याने ४५ हजार टनांच्या घरात ॲसिटाल्डिहाइड काढले. मे १९६८ मध्ये ते उत्पादन बंद झाले, कारण ती पद्धत जुनी झाली होती. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, सरकारने कारखान्याचे सांडपाणी हेच रोगाचे कारण असल्याचे मान्य केले.

येथवरची हकीगत ज्यांनी मासळी खाल्ली त्यांची झाली. मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते ज्यांनी मासळीचा घासही खाल्ला नव्हता त्यांनी.

१९५५ ते १९५९ या वर्षांत मिनामाताच्या कोळीवस्त्यांत अशी मुले जन्मली, की जी मान धरीत नव्हती, बसत नव्हती, बोलत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात असे नाव दिले. त्यांना मिनामाता रोग म्हणावे तर त्यांनी मासळी खाल्लेली नव्हती, आणि त्यांच्या माता तर बऱ्याच अंशी धडधाकट दिसत. आईची वार बाळापर्यंत विष जाऊ देत नाही, असे त्या वेळचे वैद्यकशास्त्र मानत असे. डॉ. मासाझुमी हारादा हे तेव्हा तरुण डॉक्टर होते. ते वस्तीत फिरले. एकाच घरात दोन भाऊ सारखेच आजारी, थोरल्याला मिनामाता रोग आणि धाकट्याला दुसरेच काही, असे का, हा प्रश्न त्यांच्यासमोर मुलांच्या आईने उभा केला. ती म्हणत होती, की गरोदरपणी मी तीच मासळी खाल्ली. शास्त्राची पुस्तके नाही म्हणत होती. अखेर अशा मुलांपैकी दोघांच्या शवविच्छेदनानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, सोळा मुलांना गर्भावस्थेतच मिनामाता रोग झाल्याचे मान्य करण्यात आले.

वार विष अडवीत नाही, याचे कारण पुढच्या संशोधनातून उलगडले. मिथाइल पारा शरीरात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतो. हे जोडपे दिसायला मेथिओनिन या दुसऱ्या, शरीराला हव्या असलेल्या अमिनो आम्लासारखे असते. बाळाकडे पोषण नेणारी यंत्रणा त्याला मेथिओनिन समजून आत घेते. मेंदूच्या वेशीवरही असेच घडते. लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी समजून परका माणूस जेवून जावा, तसला हा प्रकार. बाळाच्या रक्तात तर आईच्या रक्तापेक्षा अधिक, साधारण पावणेदोन पट पारा साठतो. आई धडधाकट राहते ती काही अंशी यामुळेच. या वाक्यावर मी फार काही लिहू शकत नाही.

पण १९५५ साली जन्मलेल्या मुलाच्या अंगात जन्मतेवेळी किती पारा होता, हे वीस वर्षांनी कसे सिद्ध करणार? रक्तातील पारा निम्मा व्हायला दीड-दोन महिने पुरतात. केस तर केव्हाच कापलेले. येथे हारादांना एक जुनी रीत उपयोगी पडली. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून लहानशा लाकडी पेटीत जपून ठेवतात. आपल्याकडे नाळ पुरतात. 'माझी नाळ येथे पुरली आहे' असे म्हणून आपण गावाशी नाते सांगतो. जपानी आई ती पेटीत ठेवते आणि पेटीवर नाव, तारीख लिहिते. हारादांनी घरोघरच्या पेट्यांतील या नाळा मागून घेतल्या आणि त्यांतील मिथाइल पारा मोजला. १९७५ मध्ये तो निबंध 'नेचर' या सुप्रसिद्ध नियतकालिकात आला. कारखान्यातील उत्पादन जसे वाढत गेले तसा त्या त्या वर्षीच्या नाळेतील पारा वाढलेला होता. प्रत्येक पेटीवर तारीख होती. जी नोंद कारखान्याने दिली नाही, सरकारने ठेवली नाही, ती आयांनी मायेपोटी ठेवली होती. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालायला हा पुरावा लागतो, आणि तो मिळायला लोकांच्या रीतीभाती जाणणारा, त्यांच्या ओटीवर बसणारा डॉक्टर लागतो. समाजशास्त्र आणि इतिहास शिकणाऱ्या आम्हां मुलांचे या शास्त्रात काय काम, असे विचारणाऱ्याला मी ही नाळेची गोष्ट सांगते.

थोडे आमच्या गावाविषयी. आमची खाडी जेथून येते त्या वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची एक वसाहत आहे. पावसाच्या आरंभी कधी कधी पाण्याला उग्र वास येतो आणि मासे मरून काठाला लागतात. 'पाणी सोडलंन' एवढेच लोक म्हणतात आणि दोन दिवस जाळे टाकीत नाहीत. मिनामाताची हकीगत मी आईला सांगितली, तेव्हा तिने विचारले, "मग आता मासळी खायची नाय, विकायची नाय, आणि करायचं काय?" आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच. माझी फी मासळीच्या पाटीतून येते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला जबाबदारीने शोधावे लागले.

पहिली गोष्ट, आमच्या खाडीत मिनामाता आहे असे मी म्हणू शकत नाही. मासे मरतात ते पुष्कळदा पाण्यातील प्राणवायू संपल्यामुळे मरतात, आणि मेलेला मासा निदान दिसतो. मिथाइल पाऱ्याला वास नाही, चव नाही. तो माशाच्या मांसात प्रथिनांना बांधलेला असतो, त्यामुळे धुऊन, उकळून किंवा तळून जात नाही. तो आहे की नाही हे नाकाला वा जिभेला कळणार नाही, मोजल्यावरच कळेल. दुसरी गोष्ट, सगळी मासळी सारखी नाही. लहान मासा सूक्ष्म जीव खातो, मोठा मासा लहानांना खातो, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत वर जातो. म्हणून एरवीच्या समुद्रात मुशीसारख्या, पुष्कळ वर्षे जगणाऱ्या शिकारी माशांत तो जास्त आणि तारली, मांदेलीसारख्या लहान मासळीत कमी असतो. गरोदर बाईने मोठे शिकारी मासे टाळावे आणि लहान मासळी खावी, असा सल्ला आज कित्येक देशांत देतात. आईला हे पटले. मांदेली विकणारीच ती!

थोड्या पाऱ्याने काय होते, यावर मात्र शास्त्रात खरोखरच मतभेद झाले आहेत, आणि ते मिनामाताच्या वेळच्या बनावट मतभेदांपेक्षा निराळे आहेत. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या नाळेतील रक्त तपासून ठेवले होते. मुले सात वर्षांची झाल्यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा ज्यांच्या नाळेत पारा जास्त ती मुले लक्ष देणे, शब्द आठवणे यांत किंचित मागे पडलेली आढळली. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर असाच अभ्यास झाला. तेथे लोक रोज मासळी खातात, पण तशी हानी दिसून आली नाही. फॅरोत पारा मुख्यतः देवमाशाच्या मांसातून येत असे आणि त्यात इतरही प्रदूषके होती. सेशेल्समध्ये तो साध्या मासळीतून येत होता, आणि मासळीतील स्निग्ध द्रव्ये बाळाच्या मेंदूला हितकारक असतात. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे असू शकतात, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. येथे दोन्ही बाजूंनी आपले आकडे उघड केले आणि एकमेकांचे तपासले. होसोकावांच्या मांजराचा आकडा तसा उघड झाला असता तर १९६० नंतर आजारी पडलेली किती माणसे वाचली असती, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

मिनामाताच्या उपसागरातील गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून, भर टाकून तेथे ५८ हेक्टर जमीन तयार करण्यात आली. मासळी बाहेर जाऊ नये म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये काढली. २०१३ मध्ये पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा जागतिक करार झाला तो याच शहराच्या नावाने. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

रोगी कोणाला म्हणायचे हा वाद मात्र मिटला नाही. अधिकृत रोगी ठरण्यासाठी अनेक लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत, असा निकष १९७७ मध्ये घालण्यात आला. २००१ पर्यंत चिस्सोच्या पाऱ्याचे २,२६५ रोगी मान्य झाले होते. नुसती हातापायांची बधिरता असलेले हजारो लोक बाहेर राहिले. म्हणजे ज्या वैद्यकाने आरंभी कोळ्यांची बाजू उजेडात आणली, त्याच वैद्यकाच्या शब्दांनी पुढे दार लावून घेण्यात आले. २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि प्रांत यांनाही जबाबदार धरले. २००९ च्या मदतीच्या कायद्याखाली साठ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. त्यातूनही वगळलेल्या १२८ जणांच्या बाजूने ओसाका येथील जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल दिला. तेव्हाची मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत. बोटांना टाचणी टोचलेली कळते का, मऊ कुंचला फिरविलेला कळतो का, असे डॉक्टर त्यांना अजून विचारतात आणि उत्तर लिहून घेतात.